राखेचा जमाखर्च

वर्धा जिल्ह्यातल्या मांडव्याचा लॅन्को वीजप्रकल्प अर्धवटच राहिला. पण शेजारी चंद्रपूरचं २९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र चालूच आहे. तिथल्या धुराचा हिशेब किराणा दुकानदारालाही जमेल: आत गेलं ते कुठून तरी बाहेर पडणारच. १०० टन कोळशात ३५ टन राख धरा. सातेक टन बॉयलरच्या तळाशी, २८ टन धुरासोबत. धूळ पकडणारं यंत्र ९९.५ टक्के चाललं (कागदावर चालतंच), तरी १४० किलो धुराड्यातून वर. बाकीची सिमेंटात, विटांत, नाहीतर राखेच्या तलावात. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळच्या कोराडी वीजकेंद्राच्या राख-तलावाचा खसाळ्यातला बांध फुटला, तेव्हा ती शेतांत गेली. कोळशातलं अर्धा टन गंधक जळालं की एक टन सल्फर डायऑक्साइड. ते धुऊन काढण्याच्या सक्तीतून जुलै २०२५ मध्ये देशातली बहुतेक केंद्रं सुटली. निदान कोळसा, राख, गंधक यांचे रोजचे आकडे फाटकावर लावा, एवढीच आमची मागणी.