स्वागत विमानतळापुरतेच?

२६ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री बुखारेस्टहून निघालेले एअर इंडियाचे विमान २१९ भारतीयांना घेऊन मुंबईत उतरले, तेव्हा घरोघरी दूरचित्रवाणीपुढे बसलेल्यांचे डोळे पाणावले होते. रशियाने युक्रेनवर आक्रमण करून दोनच दिवस झाले होते. पुढील पंधरवड्यात ‘ऑपरेशन गंगा’द्वारे हजारो विद्यार्थी मायदेशी आले. चार केंद्रीय मंत्री युक्रेनच्या शेजारी देशांत ठाण मांडून बसले. सुमी शहरात बर्फ वितळवून तहान भागविणारी मुलेही ८ मार्चला बाहेर पडली. या कामगिरीचा अभिमान वाटू नये, तर कशाचा वाटावा?

मात्र त्याच दिवसांत आमच्या परिचयातील एका सुविद्य गृहस्थांनी केलेला प्रश्न अद्याप कानात सलतो आहे. ‘‘इथे गुण मिळाले नाहीत म्हणूनच ना गेली ही मुले? मग सरकारने त्यांचा भार का वाहावा?’’ गृहस्थांचे चिरंजीव गेली बारा वर्षे न्यू जर्सीत असतात. त्यांचे जाणे हे कर्तृत्व आणि शेजारच्या कारकुनाच्या मुलाचे जाणे हा मात्र पळपुटेपणा! हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

वस्तुस्थिती पाहावी. २०२१ साली वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला पंधरा लाखांहून अधिक मुले बसली. एम.बी.बी.एस.च्या जागा देशभरात लाखाच्याही आत, आणि त्यांतील निम्म्याच्या आसपास खासगी महाविद्यालयांत, जेथील शुल्काचा आकडा ऐकूनच मध्यमवर्गीय पित्याने उठून यावे. युक्रेनमधला सहा वर्षांचा अभ्यासक्रम त्याच्या काही अंशात होत असे. मुले गेली ती या हिशेबाने. १५ फेब्रुवारीलाच दूतावासाने परतण्याचा सल्ला दिला होता, हे खरे. पण तिकडची विद्यापीठे हजेरीची अट सोडेनात आणि तिकिटांचे दर आभाळाला भिडलेले. बैठकीच्या खोलीत चहा घेत शहाणपण सांगणे सोपे असते.

बरे, परतल्यावर काय झाले? सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात स्पष्ट केले, की या विद्यार्थ्यांना भारतीय महाविद्यालयांत सामावून घेण्याची कायद्यात तरतूद नाही. गुणवत्तेने प्रवेश मिळविणाऱ्यांवर अन्याय होईल, हा युक्तिवाद खोटा नव्हता. आम्हीही तो मान्य करतो. परंतु कायद्याची मर्यादा जेथे संपते, तेथे समाजाचे कर्तव्य सुरू होते, असे आपण एकमेकांना सांगत आलो आहोत ना? मग किती संस्थांनी या मुलांच्या कर्जाची, राहिलेल्या वर्षांची विचारपूस केली? कित्येकांनी जॉर्जिया, उझबेकिस्तान गाठले. काही तर युद्ध चालू असतानाच पुन्हा युक्रेनला गेले.

हा विसर नवा नाही. १९९० साली सद्दामने कुवेत गिळंकृत केल्यावर अम्मानहून मुंबईला विमानांची रीघ लागली होती. सुमारे पावणेदोन लाख भारतीय परतले. जगाने त्या मोहिमेची नोंद घेतली; त्या माणसांचे पुढे काय झाले, त्याची नोंद आपणही ठेवली नाही. युद्ध शमताच अनेक जण पुन्हा त्याच वाळवंटात गेले, कारण घरी चूल पेटत नव्हती. आणि १२ जून २०२४ ला कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या इमारतीला आग लागून पंचेचाळीस भारतीय मृत्युमुखी पडले. वायुदलाच्या विमानाने शवपेट्या कोचीला आणल्या. तेही परतणेच होते. २०२२ च्या विमानांत ‘भारतमाता की जय’चा घोष झाला, तो ऐकून आपण गहिवरलो. त्या मातेची ही पंचेचाळीस लेकरे आपल्या किती बैठकांत आठवली गेली?

आमच्याच वस्तीतला एक मुलगा त्या मार्चमध्ये परतला, तेव्हा ढोलताशे होते, औक्षण होते, छायाचित्रे होती. आठ महिन्यांनी तो तिबिलिसीला निघाला. पहाटेचे विमान होते. कोपऱ्यावर रिक्षा थांबवून बॅगा उचलायला त्याचे वडील एकटेच होते.