काचेपलीकडचा वाघ

ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या प्राणीसंग्रहालयात ‘जमाला’ नावाचं लॉज आहे. पाहुणा पलंगावर, काचेपलीकडं वाघ नाहीतर अस्वल. एका रात्रीचे पैसे आपण मोजूच नयेत! असो, त्यांची हौस. पण इथं? वाघासाठी म्हणून ताडोब्यातून बोटेझरी गाव उठवलं, अन् गेटाबाहेर रिसॉर्टं उभी राहिली. आपल्या बैलाचा वाघाला त्रास, जिप्सीचा नाही का? वनहक्क कायदा २००६, कलम ४(२) वाचा. ग्रामसभेनं समजून-उमजून लेखी संमती दिल्याबिगर अभयारण्यातून कुणाचे हक्क काढता येत नाहीत. अन् रिकामी केलेली जागा पुढं दुसऱ्या कामाला वळवताही येत नाही. साहेब पुनर्वसनाचं बोलायला आले, की आधी हे कलम त्यांनाच सभेत मोठ्यानं वाचायला लावा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका.