प्रवास : केव्हां, कोठें आणि कोणाचा ?

मुलांच्या परीक्षा आटोपून आंब्याची पहिली पेटी घरांत आली कीं बहुतेक कुटुंबांत एकच प्रश्न निघतो : "यंदा कोठें जावयाचें ?" रजा किती, खर्च किती, बरोबर कोण, या सर्वांची चर्चा होते, परंतु जेथें जावयाचें तेथें त्या महिन्यांत कोणता ऋतु असतो, हें मात्र तिकिटें हातीं आल्यावर विचारलें जातें. लहानशा देशांत हा क्रम चालून जाईल. आपल्या देशांत तो महाग पडतो.

कारण आपला देश सबंध असा एकाच ऋतूंत क्वचितच सांपडतो. नैर्ऋत्येचा पाऊस १ जूनच्या सुमारास केरळांत उतरतो आणि सारा देश व्यापण्यास त्याला जुलैचा पहिला आठवडा उलटावा लागतो. सप्टेंबरच्या मध्यानंतर तो राजस्थानांतून परतूं लागतो. पण आपण दिवाळीचा फराळ करीत असतों तेव्हां तामिळनाडूंत खरा पावसाळा नुकताच सुरू झालेला असतो. म्हणून दिवाळीच्या सुट्टींत राजस्थान पाहावें व रामेश्वर माघासाठीं राखावें, हें बरें. काशीस मे महिन्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो, तर डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीभर उत्तरेंत धुकें दाटून गाड्या तासच्या तास खोळंबतात. तेव्हां काशीयात्रेस कार्तिक-मार्गशीर्ष किंवा फाल्गुन उत्तम. श्रावणांत कोंकण चिंब भिजत असतां लडाख मात्र हिमालयाच्या आडोशामुळें जवळजवळ कोरडें असतें. लेह सुमारें ११,५०० फूट उंचीवर असल्यानें धडधाकट तरुणांनींही तेथें पहिले दोन दिवस विसांवा घ्यावा, एवढें पथ्य आहे.

हें सारें जमलें तरी एक अवघड प्रश्न उरतोच. प्रवासाचा महिना घरांतील कोणाच्या सोयीनें ठरावा ? आज तो मुलांच्या शाळेनें व कर्त्या मंडळींच्या रजेनें ठरतो. आजींच्या मनांत केदारनाथ असतो. त्या मंदिराचीं दारें अक्षय्य तृतीयेच्या सुमारास उघडतात व भाऊबीजेस बंद होतात. मे-जूनमध्यें तेथें गर्दीचा कहर असतो. पुढें पाऊस व कोसळणाऱ्या दरडी. १६ व १७ जून २०१३ रोजीं त्या खोऱ्यांत काय अनर्थ झाला, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. दसऱ्याच्या सुमारास थंडी असली तरी बहुधा आकाश निवळलेलें व गर्दी उतरलेली असते. पण तेव्हां शाळा चालू ! मग आजींना "पुढच्या वर्षीं पाहूं" असें सांगण्यांत येतें. नातवंडांना हिमालय पुढें पन्नास वर्षें भेटणार आहे. आजींच्या गुडघ्यांजवळ अशीं किती वर्षें शिल्लक आहेत, याचा हिशेब कोणीच मांडीत नाहीं.

आमची सूचना साधी आहे. सगळ्या घरानें एकाच वेळीं निघालें पाहिजे, हा आग्रह सोडावा. चार हात असणें हा एकत्र कुटुंबाचा मोठा लाभ आहे, तो येथें उपयोगीं आणावा. वैद्यकीय तपासणी आधीं करवून एका मुलानें किंवा सुनेनें वडील मंडळींना घेऊन आश्विनांत निघावें. इतरांनीं घर व शाळा सांभाळावी. मे महिन्यांत पाळी बदलावी. मुलांनीं निलगिरीची किंवा हिमाचलाची थंड हवा खावी, आणि वडील मंडळींनीं लोणच्याच्या बरण्यांवर लक्ष ठेवावें. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचें आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधीं खुलें होतें. यास्तव दसऱ्याच्या प्रवासाची बैठक श्रावणांतच भरवावी लागेल.

पूर्वीचे यती चातुर्मासांत एके ठिकाणीं राहत व पाऊस सरल्यावर वाट धरीत. रजेचे दिवस मोजण्याची चिंता त्यांस नव्हती, पण ऋतु ते चुकवीत नसत. आपल्याला दोन्ही मोजावीं लागतात, आणि त्यांच्या जोडीला घरांतल्या माणसांचीं वयेंही. तेव्हां येत्या बैठकींत "कोठें जावयाचें ?" असें विचारण्यापूर्वीं "आधीं कोणाला न्यावयाचें ?" असें विचारावें, अशी आमची विनंति आहे. त्याचें उत्तर मिळालें म्हणजे महिना पंचांग सांगेल आणि गांव नकाशा दाखवील.