मूळ इंजिन की मोठे इंजिन? अमेरिकन मसल कारचा एक जुना वाद

१/ मार्च १९६४ मध्ये ‘कार अँड ड्रायव्हर’ या अमेरिकन मासिकाने पाँटिॲक जीटीओ या नव्या गाडीची चाचणी प्रसिद्ध केली. शून्यापासून ताशी ६० मैलांचा वेग तिने ४.६ सेकंदांत गाठला, असे त्यात नोंदले होते. मसल कारच्या दंतकथेचा पाया येथे पडला. पुढे अनेक वर्षांनी, पाँटिॲकच्या जाहिरातींचे काम पाहणाऱ्या जिम वँगर्स यांनी कबुली दिली, की चाचणीतल्या त्या वेगवान गाडीत जीटीओचे ३८९ घन इंचांचे इंजिन नव्हतेच. तिच्यात मोठे, ४२१ घन इंचांचे इंजिन गुपचूप बसवलेले होते. #धागा

२/ म्हणजे या गाड्यांची कीर्तीच मुळी इंजिनाच्या अदलाबदलीवर उभी राहिली. जुन्या मसल कारमध्ये कारखान्यातून आलेले इंजिन ठेवावे की त्याहून मोठे बसवावे, हा वाद आज अमेरिकेतल्या गॅरेजांपासून लिलावगृहांपर्यंत चालतो आणि दोन्ही पक्ष इतिहासाची साक्ष काढतात. माझे मत मूळ इंजिनाच्या बाजूचे आहे. परंतु त्याची जी कारणे सहसा दिली जातात, ती मला पटत नाहीत.

३/ आधी इतिहास पाहू. जनरल मोटर्सचा दंडक असा होता, की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा (सुमारे ५.४ लिटर) मोठे इंजिन घालायचे नाही. पाँटिॲकमध्ये जॉन डिलोरियन, बिल कॉलिन्स आणि रस गी या अभियंत्यांच्या लक्षात आले, की मोठ्या गाडीचे ३८९ इंजिन (६.४ लिटर) टेम्पेस्ट या मध्यम गाडीत सहज बसते. दंडक नव्या मॉडेलला लागू होता. गिऱ्हाईकाने जादा पैसे देऊन मागवलेल्या पर्यायाविषयी त्यात काही म्हटलेले नव्हते. मग जीटीओ हे मॉडेल न ठेवता सुमारे ३०० डॉलरचा ‘पर्याय’ म्हणून विक्रीस आणले गेले. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. कायद्यातली पळवाट इतकी फळल्याची उदाहरणे उद्योगाच्या इतिहासात फार नसावीत.

४/ पुढे मर्यादा ४०० घन इंचांवर गेली, तशा पळवाटाही वाढल्या. पेनसिल्व्हेनियातील कॅनन्सबर्गचे विक्रेते डॉन येंको १९६७ पासून नव्याकोऱ्या कमॅरो गाड्यांचे इंजिन उतरवून त्यांत ४२७ घन इंचांचे, म्हणजे ७ लिटरचे इंजिन चढवू लागले. शिकागोत, कॅलिफोर्नियात, न्यूयॉर्कमध्येही काही विक्रेते हेच करत होते. १९६९ मध्ये तर शेव्हरोलेच्याच कारखान्यातून ४२७ बसवलेल्या कमॅरो निघाल्या. त्यासाठी वापरलेली कार्यालयीन वाट खरे तर टॅक्सी, पोलीस अशा घाऊक खरेदीदारांच्या खास मागण्यांसाठी होती!

५/ याच वाटेने इलिनॉयमधल्या ला हार्प या लहानशा गावातील विक्रेते फ्रेड गिब यांनी संपूर्ण ॲल्युमिनियमचे ४२७ इंजिन असलेल्या ५० कमॅरो मागवल्या. त्या इंजिनाचीच किंमत ४,००० डॉलरहून अधिक होती. गाडीचा आकडा ७,००० च्या वर गेला आणि गिऱ्हाईक फिरकेना. बऱ्याच गाड्या कंपनीला परत घ्याव्या लागल्या. अशा एकूण ६९ कमॅरो बनल्या. आज त्यांतली एखादी लिलावात आली, की खोलीत शांतता पसरते.

६/ मोठ्या इंजिनाचे समर्थक याच गोष्टी पुढे करतात. मसल कार म्हणजेच लहान गाडीत मोठे इंजिन. मग आम्ही ४५४ घातले तर परंपरा मोडली कशी? युक्तिवाद चांगला आहे, पण त्यात एक गोष्ट निसटते. येंको यांनी इंजिन उतरवले तेव्हा ती गाडी शोरूममधला माल होती आणि कारखाना तशा हजारो गाड्या ओतत होता. आज जी मूळ इंजिनासह उरली आहे, तिच्यासारखी दुसरी कोणी बनवणार नाही. कृती तीच असली, तरी तिची किंमत बदलली आहे.

७/ आता ‘मॅचिंग नंबर्स’ हा लिलावातला परवलीचा शब्द. आपल्या आरसी बुकात चासी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही असतात, त्यामुळे कल्पना आपल्याला नवी नाही. अमेरिकेत १९६८ पासून गाडीच्या ओळख क्रमांकाचा काही भाग इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकण्याची पद्धत रूढ झाली. त्याआधीच्या अनेक गाड्यांत ब्लॉकवर ओतकामाची तारीख आणि जोडणीचा संकेत एवढेच सापडते. त्यावरून इंजिन ‘त्या काळचे, त्या जातीचे’ आहे एवढे सिद्ध होते. ‘याच गाडीचे’ आहे, हे होत नाही.

८/ आणि नंबराला भाव आला, की नंबर ‘तयार’ होऊ लागतात. ब्लॉकचा पृष्ठभाग मशीनवर घासायचा, जुने आकडे पुसायचे, हवे ते पंचाने ठोकायचे. कारखान्यातल्या यंत्राने त्या पट्टीवर सोडलेले बारीक समांतर ओरखडे घासताना नाहीसे होतात. जाणकार भिंग घेऊन आधी आकडे पाहत नाही, ते ओरखडे पाहतो. खोटे करणाऱ्यांनी आता ते ओरखडेही पाडायला घेतले आहेत. मोठे इंजिन उघडपणे बसवणारा मनुष्य मला या लोकांपेक्षा शतपटीने प्रामाणिक वाटतो.

९/ इथेच नेहमीच्या शुद्धतावाद्यांशी माझे बिनसते. त्यांचे प्रेम बहुतेक वेळा महागड्या गाडीवर असते. ४२७ ची कमॅरो असेल तर मूळ इंजिन पूजनीय. सहा सिलिंडरची साधी २३० घन इंचांची कमॅरो असेल, तर ‘तिच्यात काय जपायचे?’ १९६७ मध्ये कमॅरो मूळ किमतीला घेतली तर हेच २३० इंजिन मिळत असे. शिक्षिका, कारकून, नुकती नोकरी लागलेला तरुण यांना परवडणारी गाडी हीच. चाळीस-पन्नास वर्षे लोक अशा गाड्यांचे इंजिन उतरवून व्ही-८ चढवत आले, ३२६ च्या लेमॅन्सवर जीटीओची नावे चिकटवत आले. आता साधी गाडी साध्या रूपात दिसणेच दुर्मीळ झाले आहे. उद्याच्या इतिहासकाराला वाटेल, की साठच्या दशकातला प्रत्येक अमेरिकन सात लिटरचे इंजिन घेऊन दूध आणायला जात होता.

१०/ म्हणून माझा पहिला आग्रह नावाजलेल्या गाड्यांसाठी नाही. त्यांचे रक्षण त्यांची किंमतच करते. आग्रह त्या सहा सिलिंडरवाल्या, मूळ इंजिनासह आजवर टिकलेल्या गाडीसाठी आहे. तिचे इंजिन उतरवले, तर बाजारात कोणाचेच नुकसान होत नाही आणि नेमके म्हणूनच ते रोज उतरवले जाते.

११/ थोडे यंत्रशास्त्र. पाँटिॲकचे ३२६ पासून ४५५ पर्यंतचे व्ही-८ बाहेरून जवळजवळ एकाच मापाचे. त्यामुळे मासिकाच्या चाचणीतले ते गुपित पचले. म्हणूनच आजही ४०० च्या जागी ४५५ फार काटछाट न करता बसते. शेव्हरोलेचे तसे नाही. ‘स्मॉल ब्लॉक’ आणि ‘बिग ब्लॉक’ ही दोन वेगळी घराणी. लोखंडी बिग ब्लॉक सुमारे ५० किलो जड, आणि ते सगळे ओझे पुढच्या चाकांवर. स्प्रिंगा, रेडिएटर, गिअरबॉक्स, मागचा एक्सल, सगळ्यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

१२/ आणि ब्रेक! १९६४ च्या जीटीओला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. पुढच्या डिस्कचा पर्याय १९६७ मध्ये आला. मूळ इंजिनालाच ते ब्रेक अपुरे होते. तेथे ७.५ लिटर बसवून ब्रेक तेच ठेवणारा माणूस स्वतःबरोबर रस्त्यावरच्या इतरांचाही जीव पणाला लावतो. मोठ्या इंजिनाच्या गप्पांत हा विषय शेवटी येतो. तो सर्वांत आधी यायला हवा.

१३/ मधली वाट म्हणून ‘स्ट्रोकर’ सुचवला जातो. मूळ ३५० चा ब्लॉक ठेवायचा, त्यात अधिक लांब स्ट्रोकचा क्रँकशाफ्ट घालायचा, सिलिंडर किंचित बोअर करायचे, की ३८३ घन इंच हाती येतात. नंबर जागेवर, ताकद वाढलेली. युक्ती देखणी आहे, पण सिलिंडरची भिंत एकदा कातली की परत येत नाही आणि हे बोअरिंग प्रत्येक ब्लॉकला मोजकेच वेळा सोसते. नंबर वाचवण्याच्या नादात नंबर ज्यावर आहे तो ब्लॉकच झिजवायचा, हे मला उलटे वाटते. हे काम बाजारातून आणलेल्या दुसऱ्या ब्लॉकवर करावे.

१४/ ताकदीच्या आकड्यांबद्दलही सावध राहावे. १९७१ पर्यंतची अश्वशक्ती इंजिन गाडीबाहेर स्टँडवर ठेवून, पूर्ण एक्झॉस्ट आणि इतर जोडसामान न लावता मोजत. १९७२ पासून ती सर्व सामानासह मोजली जाऊ लागली आणि जाहिरातींतले आकडे धाडकन उतरले. १९९७ च्या कॉर्व्हेटमधले ५.७ लिटरचे एलएस-१ इंजिन ३४५ अश्वशक्तीचे होते; जाहिरातीत तेवढेच आकडे मिरवणारी साठच्या दशकातली बरीच इंजिने चाकांवर त्याच्या जवळपासही पोहोचत नाहीत. ‘मोठे’ आणि ‘बलवान’ हे समानार्थी शब्द राहिले नाहीत, त्याला पंचवीसहून अधिक वर्षे झाली.

१५/ ज्या गाडीचे मूळ इंजिन पूर्वीच भंगारात गेले, तिच्याबाबत माझा कसलाच आग्रह नाही. तिथे त्याच वर्षाचे, त्याच जातीचे दुसरे इंजिन शोधत हिंडणे म्हणजे हरवलेल्या सहीच्या जागी तशीच दिसणारी सही करणे. बसवा खुशाल ४५५, बसवा एलएस. ब्रेक आधी बदला आणि चासीचे लोखंड कापू नका, एवढेच.

१६/ मूळ इंजिन शाबूत असूनही मोह आवरत नसेल, तर ते अखंड उतरवावे. सिलिंडरमध्ये तेल सोडावे, सगळी तोंडे बंद करावीत, कोरड्या जागी स्टँडवर ठेवावे, आणि नंबराच्या पट्टीला वायर ब्रशही लावू नये. गाडी विकाल तेव्हा ते इंजिन गाडीसोबत द्यावे, आणि बॉनेटखाली सध्या कोणते आहे, कधी बसवले, हे विक्रीच्या कागदावर स्पष्ट लिहावे.

(धागा समाप्त)