खाणीचा घसारा कोण धरणार?

बाबा बालाघाटजवळच्या भरवेलीच्या खाणीत स्टोइंगवर होते. मँगनीज काढलं की मागे राहिलेली पोकळी पाण्याबरोबर सोडलेल्या रेतीने भरायची, नाहीतर वरचा खडक खाली बसतो. मी नागपुरात लेखापाल आहे. देशाच्या विकासदराचे आकडे वाचले की मला ही रेती आठवते.

यंत्र झिजतं म्हणून आम्ही घसारा धरतो. खाणीतून वर आलेलं मँगनीज मात्र सकल उत्पादनात निव्वळ कमाई म्हणून चढतं. जमिनीखालून तेवढं कायमचं गेलं, हे त्या आकड्यात दिसत नाही. शेत विकून आलेल्या पैशाला कुणी यंदाचं पीक म्हणू लागला, तर आमच्याकडे त्याच्याशी सोयरीक होणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने 2025 मध्ये मान्य केलेल्या हिशेबपद्धतीत ही झीज उत्पादनखर्चात धरली आहे. उशिरा का होईना.

या पट्ट्यात 1896 साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही इंग्रजी कंपनी उतरली. 1962 मध्ये मॉइल ही खाणकंपनी आली, 1977 मध्ये तिच्यातला इंग्रजी कंपनीचा उरलेला वाटाही सरकारने घेतला. मालक बदलले, माल बहुतेक बाहेरच गेला. 1998 पासून बालाघाटला पोलादासाठी लागणारं फेरोमँगनीज होतं, हे मान्य. पण ज्या जपानकडे स्वतःचं खनिज जवळपास नाही, तो पोलादात कुठल्या कुठे पोचला. फरक तंत्राचा आहे: अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी 1957 मध्ये अमेरिकेचा चाळीस वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा दर श्रमतासामागच्या उत्पादनवाढीचा सुमारे सात-अष्टमांश वाटा भांडवलाचा नव्हे, तंत्राचा निघाला.

माझी तक्रार खाणीवर नाही. तिच्याच पगारावर मी शिकले. आणि शिकताच गोंदियाची गाडी पकडली, कारण त्या शिक्षणाला जवळपास काम नव्हतं. म्हणजे शिक्षणाची रेती भरली तरी ती वाहून जाते.

ती थांबवायला पैसा आहे: खनिज कायद्यातल्या 2015 च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज निधी आला. जुन्या पट्टेदारांना रॉयल्टीच्या 30 टक्के इतकी रक्कम त्यात भरावी लागते. तो पैसा कमानी आणि सभामंडपांत घालू नये. धातुशास्त्र, खनिज-तपासणी, बॅटरीला लागणारं मँगनीज यांचं शिक्षण बालाघाटात हवं, आणि तिथेच प्रयोगशाळा, छोटे कारखानेही. दरवर्षी किती टन काढलं ते छापून येतं. त्याच पानावर या निधीतून शिकलेली किती मुलं जिल्ह्यातच कामाला लागली, तेही छापा.