मायामीतलं क्युबन ताट

क्युबन जेवण जेवायचं तर हवानालाच जा, असं सांगणारे प्रवासी खूप भेटतात. मला ते पटत नाही. क्युबन आजीच्या हातचं म्हणून जे जेवण जगभर ओळखलं जातं, ते टिकवलं मायामीने.

तिथल्या लिटल हवाना भागात आठव्या रस्त्यावर, म्हणजे ‘काये ओचो’वर, ‘व्हर्साय’ नावाचं रेस्तराँ आहे. क्युबातून आलेल्या फेलिपे वाल्स यांनी ते 1971 मध्ये सुरू केलं. नाव फ्रेंच राजवाड्याचं, भिंतींवर आरसे, ताटात मात्र क्युबा. आत जाण्याआधी बाहेरच्या खिडकीपाशी थांबावं. तिथे उभ्या उभ्या कॉफी मिळते. कॉफीचे पहिले दाट थेंब साखरेवर घेऊन फेटतात आणि तो फेस कपात वर तरंगतो. ‘कोलादा’ मागितली की एका पेल्यासोबत चिमुकले कप येतात, कारण ती वाटून प्यायची असते. या खिडकीपाशी क्युबाच्या राजकारणावर तावातावाने वाद चालतात. नोव्हेंबर 2016 मध्ये फिडेल कॅस्ट्रो गेल्याची बातमी रात्री आली, तेव्हा लोक भांडी वाजवत इथेच जमले होते.

आम्ही आधी युका मागवली. आपण उपवासाला जो साबुदाणा खातो, तो याच कंदाच्या पिठापासून बनतो. इथे कंद मऊ उकडून त्यावर ‘मोहो’ ओततात: भरपूर लसूण, आंबट संत्र्याचा रस आणि गरम तेल. खाताना मला उपवास आठवला आणि लसणामुळे लगेच मोडलाही! सोबत भात, जिरं आणि तमालपत्र घालून शिजवलेला काळा घेवडा आणि पिकल्या केळ्यांचे तळलेले काप. या केळ्यांच्या कडा साखरेने करपून काळपट होतात, आणि चव तिथेच असते.

मग आली ‘रोपा विएखा’. गोमांस उकडायचं, त्याचे हाताने धागे काढायचे आणि कांदा, ढोबळी मिरची, लसूण, टोमॅटोत मुरवत ठेवायचं. क्युबाच्या जेवणातला हा मानाचा पदार्थ, पण खुद्द क्युबात तो दुर्मीळ झाला. 1959च्या क्रांतीआधी त्या बेटावर जवळजवळ माणसांइतकी गुरं होती. 1962 मध्ये रेशनचं पुस्तक आलं. 1991 मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि तिथून येणारं इंधन, पशुखाद्य आटलं. परवानगीशिवाय गाय मारली तर तुरुंग. हवानातल्या कित्येक खानावळी हा पदार्थ मेंढीच्या मांसाचा करू लागल्या. दरम्यान 1965 ते 1973 या काळात विमानांनी लाखो क्युबन अमेरिकेत आले, 1980 मध्ये मारिएल बंदरातून आणखी सव्वा लाख आले. घरं, जमिनी तिकडेच राहिल्या. पाककृती सोबत आल्या आणि इथे त्यांना मुबलक गोमांस मिळालं.

या स्वयंपाकघरांवर एक आक्षेप घेतला जातो, की ती 1959मध्येच अडकली आहेत. आहेत, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. ज्यांना परत जाता आलं नाही, त्यांनी चव बदलायची कुणासाठी?

आम्हाला वाढणारा तरुण कामाग्वेचा होता, क्युबाच्या गुरांच्या प्रांतातला. 2022 आणि 2023 या दोन वर्षांत चार लाखांहून अधिक क्युबन अमेरिकेच्या सीमेवर पोहोचले, त्यांच्यातला तो एक. या पदार्थाचं वर्णन त्याने आजीकडून ऐकलं होतं. गोमांसाची रोपा विएखा पहिल्यांदा खाल्ली ती मायामीत. आजी अजून तिकडेच आहे. तिच्यासाठी तो पगारातून दूध पावडर, तेल आणि कोंबडी पाठवतो. मायामीत पैसे भरले की सामान तिथे घरपोच मिळतं. गोमांसही पाठवता येतं, पण ते महाग पडतं, म्हणून तेवढं नाताळला.