विश्लेषण : पाण्यातलं विष रंगावरून कसं कळतं? फिल्ड टेस्ट किटवर किती भरवसा ठेवायचा?

जलजीवन मिशनमध्ये दर गावात पाच महिलांना पाणी तपासायला शिकवण्याची तरतूद आहे. त्यांच्या हातात असतं ते फिल्ड टेस्ट किट : रसायनांच्या बाटल्या, परीक्षानळी आणि रंगांचा तक्ता. घरोघरी आलेलं पाणी पिण्याजोगं आहे का, याचा पहिला अंदाज हा तक्ता देतो.

रंग येतो कुठून?

पाण्यातल्या लोहाशी फिनॅन्थ्रोलिन मिसळलं की केशरी-लाल रंग येतो. लोह जास्त, तितका रंग गडद. फ्लोराइडचं उलटं आहे. झिर्कोनियम आणि रंगद्रव्याच्या लालसर मिश्रणातलं झिर्कोनियम फ्लोराइड ओढून घेतं आणि रंग उतरतो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडमधल्या फ्लोराइडग्रस्त गावांसाठी ही चाचणी महत्त्वाची. भारतीय मानकानुसार मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम. दुसरा स्रोतच नसेल तर १.५.

अर्सेनिकची गोष्ट वेगळी

बिहार, पश्चिम बंगालमध्ये भूजलात अर्सेनिक आहे. मर्यादा लिटरला फक्त १० मायक्रोग्रॅम. पाण्यात जस्त आणि आम्ल घातलं की अर्सेनिकचा अर्साइन वायू होतो आणि मर्क्युरिक ब्रोमाइडच्या कागदावर पिवळा ते तपकिरी डाग पडतो. हा वायू विषारी, त्यामुळे चाचणी बंद खोलीत करायची नाही. पाण्यात सल्फाइड असेल तर तोही कागद डागाळतो. म्हणून मध्ये लेड अ‍ॅसिटेटचा कापूस ठेवतात.

बांगलादेशात २००० नंतरच्या काही वर्षांत अशाच किटने सुमारे ५० लाख कूपनलिका तपासल्या गेल्या. धोक्याच्या लाल, बाकीच्या हिरव्या. तिथली मर्यादा ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे हिरव्या नळाचं पाणीही भारतात नापास ठरू शकतं!

चूक कुठे होते?

खूप दूषित आणि अगदी स्वच्छ पाणी किट सहसा बरोबर ओळखतं. घोळ होतो मर्यादेच्या आसपास. फिकट पिवळा की जरा गडद, हे डोळ्यांनी ठरवायचं. त्यात उजेड कमी, पाणी गढूळ किंवा रसायन मुदत संपलेलं. फोटोमीटर हाच रंग प्रकाश किती शोषला गेला यावरून मोजतो, त्यामुळे नजरेचा प्रश्न मिटतो. पाण्यातल्या इतर घटकांचा अडथळा मात्र राहतोच.

म्हणून मर्यादेजवळचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायलाच हवा. तोवर पाणी उकळून पिण्याचा सल्ला इथे कामाचा नाही : उकळल्याने जंतू मरतात, पण वाफ निघून गेल्यावर उरलेल्या पाण्यात फ्लोराइड आणि अर्सेनिकचं प्रमाण वाढतं.